संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं का? एका इंग्रजी वाक्याच्या नीट वापराविषयी

‘कोरिलेशन डझ नॉट इम्प्लाय कॉझेशन.’ सांख्यिकीचा एकही तास न केलेल्या माणसालाही हे वाक्य माहीत असतं. दोन गोष्टी जोडीने घडताना दिसल्या, एवढ्यावरून त्यातली एक दुसरीचं कारण ठरत नाही, असा त्याचा अर्थ. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो तेव्हा हेच सांगत असतो. वाक्य खरं आहे, आणि ते शाळेतच शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

अडचण आहे ती त्याच्या वापरात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणी एखाद्या संशोधनाची बातमी टाकली की थोड्याच वेळात कोणीतरी हे वाक्य लिहितं आणि विषय तिथेच मिटतो. किती लोकांचा अभ्यास होता, किती वर्षं चालला, तुलना कोणाशी केली, यातलं काहीच कोणी विचारत नाही. खरं तर या वाक्यापासून चौकशी सुरू व्हायला हवी. चौकशी बंद पाडण्यासाठी ते वापरलं गेलं तेव्हा त्याची किंमत लाखो माणसांनी जिवाने मोजली आहे. त्या प्रकरणात विसाव्या शतकातला बहुधा सर्वात थोर संख्याशास्त्रज्ञ चुकीच्या बाजूला उभा होता. ते प्रकरण मला सविस्तर सांगायचं आहे, पण आधी वाक्याचा नेमका अर्थ पाहू.

एक राशी वाढली की दुसरीही वाढते, किंवा एक वाढली की दुसरी घटते, या जोडीने होणाऱ्या बदलाला सहसंबंध म्हणतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ मध्ये ही कल्पना मांडली आणि कार्ल पिअर्सन यांनी तिला आज वापरात असलेलं सूत्र दिलं. उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान येतं. या सूत्रात कारण नावाचा रकानाच नाही. आकड्यांच्या दोन रांगा आत घालायच्या, एक आकडा बाहेर येतो. आधी काय घडलं, कोणामुळे घडलं, हे सूत्राला ठाऊक नसतं.

आता त्यातलं ‘इम्प्लाय’ हे क्रियापद, कारण बराचसा घोळ तिथे आहे. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘सुचवणं’ असा होतो. तर्कशास्त्रात त्याचा अर्थ ‘त्यावरून हमखास निष्पन्न होणं’ असा आहे. या वाक्यात दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. म्हणजे सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही. पण सहसंबंध कारणाकडे बोट दाखवू शकतो, आणि पुष्कळदा दाखवतोच. ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य फक्त पहिली सांगतं.

मग सहसंबंध येतो कुठून? कधी निव्वळ काळाच्या ओघात. जॉर्ज उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ साली एक उदाहरण मांडलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये १८६६ ते १९११ या काळात चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध त्यांनी काढला. तो आला ०.९५. इतका घट्ट संबंध प्रयोगशाळेतही सहसा मिळत नाही. पण चर्चमधल्या लग्नांनी कोणी मरत नव्हतं. त्या पंचेचाळीस वर्षांत दोन्ही गोष्टी आपापल्या कारणांनी कमी होत चालल्या होत्या, इतकंच. काळाबरोबर सतत चढणाऱ्या किंवा उतरणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी घ्या, सहसंबंध मिळणारच. म्हणून ‘गेल्या वीस वर्षांत हेही वाढलं आणि तेही वाढलं’ या धाटणीच्या आलेखांना फार कमी किंमत द्यावी.

कधी दोन्हींच्या मागे तिसरंच काही असतं. २०१२ मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २३ देशांचा आलेख छापून आला होता. देशात दरडोई चॉकलेट जितकं जास्त, तितके लोकसंख्येच्या मानाने नोबेल विजेते जास्त. सहसंबंध ०.७९, आणि स्वित्झर्लंड सर्वांत वर. चॉकलेट परवडणारे देश विद्यापीठं आणि प्रयोगशाळाही पोसू शकतात, हे मधे धरलं की गूढ उरत नाही. कधी दिशाच उलटी असते. ज्याला कारण समजतो तो परिणाम निघतो. आणि कधी आपण माणसंच अशी निवडलेली असतात की संबंध त्या निवडीतून तयार होतो. केवळ रुग्णालयात दाखल झालेल्या लोकांत मोजलेली गोष्ट गावात मोजली तर दिसेनाशी होते.

या सगळ्या शक्यता खऱ्या आहेत. पण त्या शक्यता आहेत, आणि त्या तपासता येतात. आता ज्या प्रकरणाचा उल्लेख केला त्याकडे वळतो.

इंग्लंड-वेल्समध्ये १९२२ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ६१२ मृत्यू नोंदवले गेले. १९४७ साली हा आकडा ९,२८७ झाला. पंचवीस वर्षांत पंधरा पट. कशामुळे, ते कोणालाच माहीत नव्हतं. रस्त्यांवर ओतलं जाणारं डांबर आणि मोटारींचा धूर यांच्यावर अनेकांचा संशय होता. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल आणि डॉक्टर रिचर्ड डॉल या दोघांनी लंडनमधल्या वीस रुग्णालयांत चौकशी सुरू केली. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला त्याच्याच वयाच्या, दुसऱ्या आजाराने दाखल झालेल्या रुग्णाची जोड दिली आणि दोघांना तेच प्रश्न विचारले. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ होते. जोडीच्या ६४९ पुरुषांत असे २७ होते. स्वतः डॉल यांचा कल आधी डांबराकडे होता. आकडे समोर येत गेले तशी त्यांनी आपली सिगारेट सोडली.

त्या अहवालातला एक छोटा तपशील मला फार मोलाचा वाटतो. काही रुग्णांना मुलाखतीच्या वेळी फुप्फुसाचा कर्करोग आहे असं समजलं जात होतं, पण पुढे निदान बदललं आणि कर्करोग नसल्याचं कळलं. मुलाखत घेणाऱ्यांनी कर्करोग आहे असं मनात धरून प्रश्न विचारले असतील आणि त्यामुळे उत्तरं वाढवून नोंदली गेली असतील, तर या लोकांच्या नोंदी कर्करोग्यांसारख्याच दिसायला हव्या होत्या. त्या तशा नव्हत्या. त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी कर्करोग नसलेल्या रुग्णांशी जुळत होत्या. म्हणजे फरक मुलाखतकाराच्या डोक्यातला नव्हता, रुग्णाच्या आयुष्यातला होता. ‘संबंध म्हणजे कारण नव्हे’ या आक्षेपाला असं उत्तर द्यायचं असतं. आक्षेपाचं एक ठोस रूप घ्यायचं, ते खरं असेल तर आकड्यांत काय दिसेल ते ठरवायचं आणि मग जाऊन पाहायचं.

तरीही रुग्णांना मागची आठवण विचारलेली होती, त्यामुळे शंकेला जागा होती. म्हणून १९५१ मध्ये या दोघांनी ब्रिटनमधल्या सुमारे ६०,००० डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागवली. सुमारे ४०,००० उत्तरं आली. मग कोण कशाने मरण पावतं याची नोंद ठेवायला सुरुवात झाली. आता सवय आधी नोंदलेली होती आणि आजार नंतर येत होता. काही वर्षांतच तोच कल दिसू लागला. जितक्या जास्त सिगारेटी, तितका मृत्युदर जास्त.

इथे रोनाल्ड फिशर येतात. संख्याशास्त्रातली आजची अर्धीअधिक हत्यारं ज्यांच्या हातची आहेत असे फिशर. आपल्याशीही त्यांचं नातं होतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते त्या संस्थेत अनेकदा येऊन राहिले. कारण शोधायचं तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, ही पद्धत त्यांनीच शेतीच्या प्रयोगांत रुजवली होती. शेताचे तुकडे करायचे, कोणत्या तुकड्याला खत द्यायचं ते चिठ्ठीने ठरवायचं. मग जमीन बरी-वाईट असण्याचा परिणाम दोन्हीकडे सारखा वाटला जातो आणि उरलेला फरक खताचाच, असं म्हणता येतं. माणसांना चिठ्ठ्या टाकून वीस वर्षं सिगारेट ओढायला लावता येत नाही. म्हणजे फिशर यांची आवडती कसोटी इथे लागूच करता येत नव्हती.

१९५७ पासून त्यांनी डॉल आणि हिल यांच्या निष्कर्षावर जाहीर हल्ला चढवला. ते म्हणाले, संबंध आहे, मान्य. पण एखादं जनुक माणसाला सिगारेटची ओढही लावत असेल आणि कर्करोगही देत असेल. पुराव्यादाखल त्यांनी जुळ्यांची आकडेवारी दिली. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त मिळत्याजुळत्या होत्या. दुसरी शक्यताही त्यांनी मांडली. कर्करोगाच्या अगदी सुरुवातीला छातीत जी अस्वस्थता येते ती शमवायला माणूस सिगारेटकडे वळत असेल, म्हणजे कर्करोगामुळे धूम्रपान. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. पण त्यांचा युक्तिवाद त्यामुळे बाजूला सारता येत नाही. तर्काच्या दृष्टीने त्यांचे दोन्ही आक्षेप रास्त होते. तिसरं कारण आणि उलटी दिशा या दोन्ही शक्यता त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितल्या. आज नुसतं वाक्य टाकून निघून जाणाऱ्यांपेक्षा हे पुष्कळ प्रामाणिक होतं.

त्यांची चूक त्याच्या पुढे झाली. आपले आक्षेप तपासले तर काय दिसेल, याकडे त्यांनी पाठ फिरवली. ते काम जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये केलं. त्यातलं गणित शाळकरी मुलालाही समजेल इतकं साधं आहे, म्हणून ते पूर्णच सांगतो.

सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या नऊ पट दिसतं, असं धरा. आता माना की सिगारेट निरुपद्रवी आहे आणि खरा दोष एका जनुकाचा आहे. मग हे नऊ पट आले कुठून? ओढणाऱ्यांत ते जनुक जास्त जणांकडे असलं पाहिजे. किती जास्त? जनुक कितीही घातक असलं तरी किमान नऊ पट. न ओढणाऱ्या शंभरांत दहा जणांकडे ते असेल तर ओढणाऱ्या शंभरांत निदान नव्वद जणांकडे हवं. न ओढणाऱ्यांत वीस जणांकडे असेल तर ओढणाऱ्या शंभरांत एकशे ऐंशी जणांकडे हवं, आणि हे शक्यच नाही. तेव्हा ज्याला जनुकाची बाजू घ्यायची आहे त्याने इतक्या विलक्षण विषमतेने वाटलं गेलेलं जनुक दाखवावं. कोणीही दाखवलं नाही.

या युक्तिवादाने आक्षेप घेणाऱ्यावरही जबाबदारी आली. संबंध दुबळा असेल, समजा एकाला सव्वा असा, तर कुठलंही किरकोळ तिसरं कारण तो उभा करू शकतं आणि शंका घेणं योग्यच आहे. संबंध एकाला नऊ असा असेल तर तो उभा करायला तितकंच बलवान काहीतरी लागतं, आणि इतकं बलवान काही अस्तित्वात असेल तर ते सहसा लपून राहत नाही. बातमीत ‘धोका वीस टक्क्यांनी वाढतो’ असं वाचलं आणि ‘धोका दहापट होतो’ असं वाचलं, तर दोन्हीकडे तेच वाक्य त्याच वजनाने वापरणं चूक आहे.

बाकीच्या गोष्टीही जनुकाच्या विरोधात होत्या. पंचवीस वर्षांत एखाद्या देशाची जनुकं बदलत नाहीत, मृत्यू मात्र पंधरा पट झाले होते. सिगारेट सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरत होता, आणि सिगारेट विझवली म्हणून जनुक बदलत नाही. स्त्रियांनी पुरुषांच्या मागून धूम्रपान सुरू केलं, त्यांच्यातली वाढही मागून आली. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर, ल्यूथर टेरी यांनी ११ जानेवारी १९६४ रोजी अहवाल प्रसिद्ध करून धूम्रपान हे पुरुषांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण असल्याचं अधिकृतपणे सांगितलं. फिशर १९६२ मध्येच निधन पावले होते.

फिशर यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवायलाच हवी. २००८ मध्ये संशोधकांच्या तीन वेगवेगळ्या गटांना पंधराव्या गुणसूत्रावर एक बदल सापडला. पेशींवर ज्या जागी निकोटिन चिकटतं त्या जागांशी (रिसेप्टरशी) तो संबंधित होता. तो धूम्रपानाशीही जोडलेला होता आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशीही. म्हणजे फिशर यांनी कल्पिलेल्या जातीचं जनुक खरंच होतं. पण त्याची एक प्रत असल्याने कर्करोगाचा धोका सुमारे तीस टक्क्यांनी वाढतो. नऊ पट समजावून सांगायला ते अगदीच अपुरं आहे.

हिल यांनी १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये एक भाषण दिलं. संबंधावरून कारणापर्यंत जायचं असेल तर काय काय पाहावं, असे नऊ मुद्दे त्यात होते. संबंध किती घट्ट आहे, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी मोजला तरी मिळतो का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, थांबवलं की कमी होतो का, असे ते मुद्दे. त्यातला एकच निरपवाद आहे. कारण परिणामाच्या आधी यायला हवं. बाकीचे मुद्दे म्हणजे परीक्षेतल्या टिकमार्कचे चौकोन नव्हेत, हे हिल यांनी स्वतःच बजावलं होतं. विज्ञानातलं कुठलंही ज्ञान अपुरं असतं, पण म्हणून हाती असलेल्या ज्ञानाकडे दुर्लक्ष करायची किंवा आज करायची कृती पुढे ढकलायची मुभा मिळत नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितलं. हे वाचताना मला दर वेळी हिल यांच्याविषयी आदर वाटतो.

कृती पुढे ढकलण्यात कोणाचा फायदा होता हे नंतर उघड झालं. १९६९ मधलं एका अमेरिकन सिगारेट कंपनीचं अंतर्गत टिपण पुढे जगासमोर आलं. शंका हेच आपलं उत्पादन आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात लिहिलेलं आहे. लोकांच्या मनात रुजलेल्या तथ्यांशी स्पर्धा करायची तर शंका हे सर्वांत चांगलं साधन, असं त्याचं कारणही तिथेच दिलं आहे. ‘केवळ आकडेवारीतला संबंध आहे, सिद्ध काही नाही’ हे पालुपद त्या उद्योगाने अनेक वर्षं चालवलं. एका खऱ्या वाक्याचा इतका वाईट वापर दुसरा मला आठवत नाही. ब्रिटिश डॉक्टरांचा तो अभ्यास पन्नास वर्षं चालला आणि त्याचा निकाल २००४ मध्ये आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. पन्नाशीत सोडली तर त्यातली सहा वर्षं परत मिळतात, तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी.

आपल्याकडचा प्रश्न सिगारेटपेक्षा चघळायच्या तंबाखूचा मोठा आहे. मळून दाढेखाली धरलेला तंबाखू, गुटखा, बायकांनी दाताला लावायची मिश्री. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे डॉल आणि हिल यांच्याही सहा वर्षं आधी. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू चघळणं आणि ओढणं यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. इथे एक पुरावा असा होता की त्याला उत्तर देणं कठीण. गालात ज्या जागी गोळी धरायची सवय, तिथेच पुष्कळदा गाठ येते. एखादं जनुक किंवा गरिबी कर्करोग देत असेल, तर ती नेमका तोच गाल कसा निवडेल?

एवढं काम मुंबईत झालेलं असताना २०१५ मध्ये, तंबाखूच्या पाकिटावरच्या इशाऱ्याचं चित्र मोठं करायचा विषय चालू होता तेव्हा, संसदेच्या एका समितीच्या अध्यक्षांनी तंबाखू आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतीय अभ्यास नाहीत, असं म्हटलं. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारं चित्र एप्रिल २०१५ मध्ये यायचं होतं, ते एप्रिल २०१६ मध्ये आलं. मधल्या वर्षात किती तरुणांनी पहिली पुडी फोडली असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

आता उलट बाजू. या वाक्याने जीव वाचवल्याचीही उदाहरणं आहेत, आणि ती तितकीच ठामपणे सांगायला हवीत. गाजर, पालक, आंबा यांतल्या बीटा-कॅरोटीनचं प्रमाण ज्यांच्या आहारात आणि रक्तात जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं होतं. पटण्यासारखी कारणमीमांसाही तयार होती. मग गोळ्या का देऊ नयेत? फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलं गेलं. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण तिथेही गोळ्यांचा अपाय दिसत होता. ज्यांच्या ताटात भाज्या-फळं जास्त होती त्यांच्या आयुष्यात आणखीही बऱ्याच गोष्टी वेगळ्या होत्या, आणि श्रेय मात्र एका रेणूला दिलं गेलं होतं.

पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांचंही असंच झालं. त्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असं निरीक्षणांत दिसत होतं, आणि डॉक्टर हृदयासाठी म्हणून त्या लिहून देत. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात २००२ साली उलटं दिसलं. प्रयोगात दिलेल्या दोन हार्मोनच्या त्या विशिष्ट जोडगोळीने हृदयविकार आणि स्तनांचा कर्करोग या दोन्हींचं प्रमाण वाढलं. पुढच्या विश्लेषणांत वय आणि गोळी कधी सुरू केली याने बराच फरक पडतो असं पुढे आलं, तेव्हा या गोळ्या सरसकट वाईट असा अर्थ काढू नये. पण निरीक्षणात दिसलेला फायदा काही अंशी तरी त्या स्त्रिया मुळात जास्त सुस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या यातून आला होता, हे बहुतेक जाणकार मानतात.

तर मग वाक्य नीट वापरायचं म्हणजे काय करायचं? माझ्या मते ते कधी एकटं लिहू नये. ‘संबंध म्हणजे कारण नव्हे’ असं लिहिलं की पुढचं वाक्य आपणच लिहावं. ‘कारण मला वाटतं की इथे अमुक तिसरी गोष्ट दोन्ही घडवत असेल,’ किंवा ‘इथे दिशा उलटी असेल.’ मग त्याला जोडून, तसं असेल तर काय दिसायला हवं, तेही. पुढचं वाक्य सुचत नसेल तर तूर्त गप्प राहून मूळ अभ्यास वाचावा. पुष्कळदा संशोधकांनी तोच आक्षेप आधीच तपासलेला असतो.

हे एका चालू वादावर करून दाखवतो. ‘थोडी घेतलेली दारू तब्येतीला बरी’ हे लग्नाच्या पंगतीपासून मित्रांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्यामागे खरे आकडे होते. खूप पिणारे लवकर मरतात, थोडी पिणारे कमी मरतात, आणि अजिबात न पिणारे थोडी पिणाऱ्यांपेक्षा जास्त मरतात, असं अनेक अभ्यासांत दिसत होतं. सहसंबंध खरा होता. आता पुढचं वाक्य. न पिणाऱ्यांत कोण कोण आहे? १९८८ मध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांच्या अभ्यासात हाच प्रश्न विचारला. न पिणाऱ्यांत, आधी पिणारे पण तब्येत ढासळल्यामुळे दारू सोडावी लागलेले बरेच जण होते. म्हणजे दारू न पिण्याने आजार आला नव्हता, आजाराने दारू सुटली होती. आक्षेप नेमका होता आणि तो तपासता येत होता.

पण शेवटचा शब्द त्यालाही म्हणता येत नव्हता, कारण आयुष्यभर न पिणारेही इतर बाबतींत वेगळे असू शकतात. मग एक सुंदर वाट निघाली. पूर्व आशियात पुष्कळ लोकांच्या जनुकांत असा बदल असतो की थोडीशी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि असे लोक साहजिकच कमी पितात. हा बदल कोणाला मिळावा हे जन्माच्या आधी ठरतं. पुढे मिळणारा पगार, शिक्षण किंवा आजार त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. शेतातल्या तुकड्यांसाठी फिशर ज्या चिठ्ठ्या टाकत होते, त्या इथे निसर्गाने टाकलेल्या होत्या. चीनमधल्या पाच लाखांवर लोकांच्या पाहणीतून, त्यातल्या सुमारे १,६१,००० जणांची जनुकं तपासून, २०१९ मध्ये निकाल आला. नुसतं किती पितात ते विचारलं तर थोडी पिणाऱ्या पुरुषांना पक्षाघात कमी, हा जुना आकार तिथेही दिसला. जनुकांनुसार गट पाडले की तो नाहीसा झाला. जनुकांच्या हिशेबाने जितकी दारू जास्त, तितका पक्षाघाताचा धोका जास्त. थोडी घेण्याचा फायदा कुठेच नाही. हृदयविकाराच्या झटक्याबाबत मात्र ना स्पष्ट फायदा दिसला, ना स्पष्ट तोटा.

तरी एक शंका राहते. ही जनुकंच दुसऱ्या एखाद्या वाटेने पक्षाघात घडवत असतील, दारूचा संबंध नसेल तर? संशोधकांनी तीही तपासली. चीनमध्ये त्या पिढीच्या स्त्रिया जवळजवळ पीतच नाहीत. जनुकं मात्र त्यांच्याकडेही तीच. दोष जनुकांचा असता तर धोका स्त्रियांतही तसाच वाढलेला दिसला असता. तो दिसला नाही.